न्यारे आहोत, वेगळे नाही

गुणाकर पांढरीपांडे याचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, आणि असल्या माणसाने लोकांना प्रश्न विचारून पोट भरायच्या धंद्यात कधी पडू नये. पण पडला. त्याला अडवणार कोण? वडील तहसीलीत पेशकार होते. पोरगा गुणांची खाण व्हावा म्हणून त्यांनी नाव गुणाकर ठेवलं, आणि बालाघाटच्या लोकांनी ऐकलं गुणाकार. शाळेत पोरं त्याला पाढे विचारून छळत. आडनावाचं तर त्याहून वाईट. पांढरीपांडे हे हिंदी माणसाच्या तोंडात मावेना, म्हणून तो सगळ्यांचा पांडेजी झाला. मग नवा कोणी भेटला की विचारायचा, "पंडितजी, आप बनारस तरफ के हैं?" गुणाकर आतल्या आत जळे आणि म्हणे, "हौ, वैनगंगेच्या काठी जे बनारस आहे, तिथला."

नागपूरला खोली घेऊन त्याने बी.कॉम. केलं होतं आणि परत येऊन एका राइस मिलमध्ये मुनीम झाला होता. पगार बरा होता, शेठ मान देई. पण दरवर्षी इन्कमटॅक्सचा साहेब बालाघाटला कॅम्पवर येई, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसे, आणि शेठच्या वतीने दुलीचंद वकील त्याच्यापुढे हजर होत. आकडे काढायचे गुणाकरने, वह्या उचलून न्यायच्या गुणाकरने, आणि साहेबासमोर खुर्ची मिळायची दुलीचंद वकिलांना. गुणाकर मागे उभा. साहेबाने काही विचारलं की वकील मान मागे करत, गुणाकर त्यांच्या कानात सांगे, आणि वकील तेच मोठ्या आवाजात, आपलंच असल्यासारखं, साहेबाला ऐकवत. एका कॅम्पात वकिलांनी कानातलं नीट ऐकलं नाही, भलतंच बोलून बसले, आणि बाहेर आल्यावर शेठच्या देखत गुणाकरलाच झापलं. हे १९६४ सालचं. त्या दिवशी घरी येऊन त्याने जाहीर केलं की पुढच्या वर्षी साहेबापुढच्या खुर्चीत तो स्वतः बसणार.

त्याची बायको कालिंदी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "खुर्चीच पाहिजे असेल तर घरात दोन आहेत. एक डुगडुगते, तेवढी सोडून बसा."

"चेष्टा करू नको. बी.कॉम. झालेल्या माणसाला साहेबापुढे उभं राहता येते, कायदाच आहे तसा."

"उभंच राहायचं आहे, तर मग खुर्ची कशाला पाहिजे?"

तो रागाने अंगणात जाऊन बसला.

आता गंमत अशी की बालाघाटात हे काम शिकवणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे ज्याच्यावर चिडून हा मिल सोडून निघाला होता तो दुलीचंद वकील. दुसरा इलाज नव्हता. गुणाकर राजीनामा देऊन त्यांच्याच बैठकीत जाऊन उभा राहिला. वकील म्हातारे झाले होते, गुडघे धरले होते. ते पोट हलवून हसले आणि म्हणाले, "आ गए? बैठो."

त्यांचा हिशेब सरळ होता. मिलवाले, खाणवाले, लाकडाचे मोठे ठेकेदार ही गिऱ्हाइकं ते सोडणार नव्हते. पण एकेकट्या माणसांचे रिटर्न, म्हणजे डॉक्टर, पेन्शनर, गाडीवाले, लहानसहान ठेकेदार, यांचा त्यांना वीट आला होता. "ये फुटकर लोग मेरी जान खाते हैं," ते त्यांच्या फाइलींनी भरलेल्या आलमारीकडे बोट दाखवून म्हणाले. "एक केस शुरू से आख़िर तक अकेले निभाओ. साहब ने मान ली तो ये पूरी आलमारी तुम्हारी. नहीं मानी तो वापस मिल." वापस मिल म्हणणं सोपं होतं. मिलमधल्या गादीवर शेठने आठवड्याच्या आत आपला भाचा आणून बसवला होता. तेव्हा गुणाकरला ती आलमारी मिळवणं भागच होतं. नाही मिळाली तर घरात बसून तांदूळ निवडायचे.

दुलीचंद वकिलांची शिकवायची पद्धत अशी, की शिकवायचं नाही. कायद्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक बैठकीत एकच होतं आणि वकील त्यावर कोपर टेकून बसत. काही विचारलं की म्हणत, "एक्ट में लिखा है, देख लो," आणि कोपर काही उचलत नसत. ते जेवायला आत गेले की गुणाकर घाईघाईने पानं उलटायचा. एवढ्याशा वेळात कायदा कुठवर कळणार? पण कायद्याचं एक वेळ परवडलं. कायदा निदान छापलेला असतो, आज एक आणि उद्या दुसरं असं बोलत नाही. खरा ताप होता माणसांचा. फॉर्ममधले इंग्रजी रकाने लोकांना समजतील अशा बोलीत विचारायचे, आणि ते जे बोलतील त्यातून रकान्यात बसेल असं उत्तर काढायचं, हे खरं शिक्षण. इथेच त्याच्या डोक्याचा भुगा होई.

निवृत्त रेंजर बाबूलाल यांना त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पेन्शन सोडून वरची कमाई काही?" फॉर्मात तसा रकानाच होता, इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न. बाबूलाल ताडकन उठले. वरची कमाई म्हणजे लाच, हे बालाघाटात शेंबड्या पोरालाही ठाऊक. "मैंने जंगल की एक लकड़ी नहीं छुई," असं ओरडत ते अनवाणी रस्त्यावर गेले, आणि गुणाकर त्यांच्या चपला हातात घेऊन मागे. बैहरकडे दवाखाना असलेला एक डॉक्टर आला. त्याने सांगितलं की जंगलातले लोक पैसे कुठून देणार, कोंबडी देतात. आता कोंबडी कुठल्या रकान्यात लिहायची? गुणाकर दुलीचंदांकडे गेला. वकील पान चघळत म्हणाले, "खा ली तो खर्चा, पाल ली तो पूँजी." हे खरं सांगितलं की थट्टा केली, हे गुणाकरला शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रकवाल्यांना, दुकानदारांना विचारावं, "महिन्याला काय मिळते?" तर ते म्हणत, "काय मिळते बाबूजी, पोट भरते." "पोट कितीत भरते?" "ते पोटावर आहे." असल्या माणसांपुढे कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? संध्याकाळी घरी गेला की तो कालिंदीवर उखडे. तिने साधं "साखर संपली" म्हटलं तरी हा विचारी, "कधी संपली, आणि पुरावा काय?" तिने एकदा रिकामा डबाच त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

अशात दुलीचंद वकिलांनी एक फाइल त्याच्या अंगावर टाकली. "ये तुम्हारी केस. डोमाजी और भैयालाल."

हे दोघे भाऊ तिरोडीकडच्या एका सीमेवरच्या गावचे. पूर्वज भंडाऱ्याकडून आलेले, घरी धानाची शेती. बापाने हयातीत एक धानगिरणी टाकली आणि खाणीवरून मँगनीज वाहायला एक ट्रक घेतला. बाप गेल्यावर थोरला डोमाजी गिरणी बघे आणि धाकटा भैयालाल ट्रक चालवी. शेतीच्या उत्पन्नावर कर नव्हता, गिरणी आणि ट्रकवर होता. फाइलवर बापाच्या वेळेपासून एकच शिक्का, अविभक्त हिंदू कुटुंब. कुटुंब एकत्र असलं की सगळ्यांची कमाई एका ढिगात पडते आणि कर चढा लागतो. भाऊ वेगळे झाले की ढीग दोन, दोघांचे दोन रिटर्न, आणि कर हलका. एवढं गुणाकरला आता पाठ झालं होतं. म्हणून दोघे भाऊ बैठकीत आले तेव्हा त्याने पहिला प्रश्न बरोबर तोच विचारला. डोमाजी बाकावर ऐसपैस बसला होता. भैयालाल दारालाच टेकून उभा होता, थोरल्या भावासमोर तो बसत नसे.

"तुम्ही दोघं भाऊ एकत्र आहात की वेगळे?"

"न्यारे आहो," डोमाजी म्हणाला.

"कधीपासून?"

"बाबा गेले नं, त्याच्या दुसऱ्या वर्सापासून."

"काहून झाले न्यारे?"

"बायकाईचं जमे ना बाबूजी. माह्या घरची मीठ जास्त टाकते, याच्या घरची टाकतच नाही. रोजची कटकट. मायच म्हणे, न्यारे व्हा अन् सुखानं खा."

"म्हणजे आता सगळं वेगवेगळं?"

"सारं न्यारं. चूल न्यारी, भांडे न्यारे, पाण्याचे गुंड न्यारे." डोमाजीने मागे बघितलं. "काहून बे, खरं का नाही?"

"हौ," भैयालाल म्हणाला.

गुणाकरला आनंद झाला. इतकं साफ उत्तर त्याला आजवर कोणी दिलं नव्हतं. त्याने एका बैठकीत दोघांचे दोन स्वतंत्र रिटर्न लिहिले, अक्षर काढून, शाई वाळवून. दुलीचंदांनी आतून विचारलं, "ठीक से पूछ लिया?" हा म्हणाला, "अगदी ठीक से."

कॅम्पच्या दिवशी त्याने लग्नातला कोट घातला आणि तो खुर्चीत बसला. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्याने जुनी फाइल आणि नवे रिटर्न शेजारी शेजारी ठेवले आणि डोमाजीला विचारलं, "बँटवारा कब हुआ?"

"बटवारा?" डोमाजीने गुणाकरकडे बघितलं. "काहेका बटवारा साहब?"

"आप दोनों भाई अलग हो ना?"

"अलग काहे को होंगे साहब? भाई है मेरा. न्यारे हैं."

"खेत किसके नाम?"

"बाबा के."

"चक्की का पैसा? ट्रक का पैसा?"

"माँ के पास. एकही पेटी है." डोमाजी मोठ्या कौतुकाने सांगत होता. घरातल्या एकोप्याबद्दल साहेब चौकशी करतोय, असंच त्याला वाटलं.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "वकील साहब," तो गुणाकरला म्हणाला, "चूल्हा अलग होने से ख़ानदान अलग नहीं होता." व्हरांड्यात रांग लावून उभे असलेले सगळे हसले. त्यांच्यात शेठचा भाचाही होता, वह्या घेऊन उभा. दोन्ही रिटर्न परत आले. कुटुंबाचा एकच भरा, असं साहेबाने बजावलं.

दुलीचंद वकिलांनी त्याला जे सुनावलं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. "पूछा क्या था तुमने?"

"वेगळे आहात का, असं."

"और उसने क्या कहा?"

"न्यारे."

"अरे, न्यारा मतलब रोटी अलग. हिस्से पड़े क्या, ये पूछना था." वकिलांनी कपाळावर हात मारला. "मराठी तुम्हारी है कि मेरी?"

हे गुणाकरला झोंबलं. कारण ते खरं होतं. तो शहरातल्या पेशकाराचा मुलगा; त्याच्या घरी न्यारं हा शब्द गड्याच्या तोंडूनच ऐकू येई, आणि त्याने तो कधी नीट ऐकला नव्हता. दुलीचंद थोडे निवळल्यावर म्हणाले की हे वर्ष तर गेलं. पण भावांनी रीतसर वाटणी केली, शेताची मोजणी झाली, आणि पुढच्या कॅम्पात साहेबापुढे ती सिद्ध झाली, तर तिथून पुढे दोघांचे रिटर्न वेगळे होतील आणि केस पास धरली जाईल. आलमारीची किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली होती. ती त्यांनी नुसती हलवून दाखवली.

मग गुणाकर कटंगीच्या बसने आणि पुढे बैलगाडीने त्या गावी गेला. घर लांबलचक, कौलारू. दोन टोकांना दोन चुली आणि मधे एकच अंगण. डोमाजीची बायको शांताबाई आणि भैयालालची बायको साधना आपापल्या चुलीवरून एकमेकींना ऐकू जाईल अशा बेताने भांडी आपटत होत्या. भावांची आई दुर्गाबाई अंगणात बसून चिंचा फोडत होती. गुणाकरने कराचा फरक समजावून सांगितला तेव्हा डोमाजीचे डोळे मोठे झाले. वाचलेल्या पैशात गिरणीला नवं इंजिन बसलं असतं.

"पण बाबूजी, वाटणी कागदावरच नं?"

"कागदावरच," गुणाकर म्हणाला. त्याला परतीची बस गाठायची होती.

"मंग करा. काय बे भैया?"

"दादा म्हणते तसं," भैयालाल म्हणाला.

कागदावरच म्हटलं खरं, पण कायद्याला नुसता कागद चालत नव्हता. पटवारी आला, मोजणीची साखळी पडली, शेतात मधोमध दगड रोवले गेले. गिरणी डोमाजीला, ट्रक भैयालालला. पेटीतला पैसा मोजून दोन ठिकाणी झाला. अंगणात काट्यांचं कुंपण घालावं लागलं, कारण अंगण एक दिसलं तर साहेबाचा माणूस येऊन पंचनामा करील अशी गुणाकरला धास्ती. तो आता पुन्हा हसं करून घेणार नव्हता. सगळं लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "माय कोणाकडे?"

"सकाळी माह्याकडे जेवते, संध्याकाळी भैयाकडे," डोमाजी म्हणाला.

"असं चालत नाही."

"काहून चालत नाही? कवापासून चालून राह्यलं."

"माय दोन्हीकडे जेवते म्हटलं की साहेब म्हणेल, हे एकच घर. आत्ताच सांगा, कोणाकडे लिहू?"

डोमाजीने भैयालालकडे बघितलं, भैयालालने डोमाजीकडे. शेवटी गुणाकरने वैतागून स्वतःच लिहिलं की आई थोरल्या मुलाकडे राहील आणि तिचं सगळं तोच बघेल. दुर्गाबाईने चिंच फोडता फोडता विचारलं, "मले काहून लिवता बाबू? मी का बैल आहो?"

"आजी, हे नुसतं साहेबाला दाखवायला."

"मंग साहेबालेच खाऊ घालाले सांगजा," ती म्हणाली आणि पुन्हा चिंचा फोडू लागली.

मग तालीम. गुणाकर खाटेवर साहेब होऊन बसला. डोमाजी समोर.

"तुमचा भाऊ तुमच्यासोबत आहे?"

"हौ."

"नाही म्हणायचं."

"काहून? त्यो काय, समोर उभा आहे नं."

"तरी नाही म्हणायचं. म्हणा, माझा भाऊ माझ्यापासून वेगळा आहे."

"माहा भाऊ माह्यापासून," इथवर डोमाजी येई आणि पुढे त्याला हसू फुटे. भैयालालही हसे. गुणाकरचं डोकं फिरे. त्याने किती वेळा म्हणून घ्यावं? तो पुढेही दोनदा गेला, दर खेपेला बैलगाडीत हाडं खिळखिळी करून, आणि दर खेपेला डोमाजी त्याच जागी येऊन अडकला. तिसऱ्या खेपेला गुणाकरने कागद खाटेवर आपटले. "तुमच्या हसण्यापायी माझ्या घरची चूल बंद पडून राह्यली, डोमाजी. तुम्हाला कळत कसं नाही? भाऊ आहे, भाऊ आहे, हे काय लावलं? साहेबासमोर तुमचा तो कोणी नाही. कोणीच नाही. हे डोक्यात घाला."

डोमाजी हसायचा थांबला. भला माणूस तो. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान व्हावं, हे त्याला सहन होणारं नव्हतं. त्याने मान डोलावली, आणि त्या दिवसानंतर तो एकदाही चुकला नाही.

पुढच्या कॅम्पला साहेब तोच होता. त्याने घरातल्या सगळ्यांच्या नावे नोटिसा काढल्या होत्या, म्हणून भैयालालही आला होता. दुर्गाबाईचा अंगठा कागदावर आधीच घेऊन झाला होता. गुणाकर खुर्चीत ताठ बसला. साहेबाने मोजणीचे कागद पाहिले, पटवारीचा नकाशा पाहिला, आणि डोमाजीला तेच विचारलं.

"आप दोनों एक हैं कि अलग?"

"अलग, साहब. बटवारा हुआ. मेरा भाऊ मेरेसे अलग है."

"पैसा?"

"मेरा मेरे पास. उसका मेरेको मालूम नहीं."

"माँ?"

"मेरे पास. भाऊ का उससे कुछ संबंध नहीं."

"कल को इस भाई पर कोई मुसीबत आए तो?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. डोमाजीने गुणाकरच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्याला खाटेवर आपटलेले कागद आठवले असावेत.

"तो मैं क्या करूँ साहब," तो म्हणाला. "मेरा वो कोई नहीं."

साहेबाने भैयालालकडे बघितलं. "तुम्हें मंज़ूर है?"

भैयालाल भावाकडे बघत होता. साहेबाने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हौ." साहेबाने लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

गुणाकरला त्या घडीला दुसरं काही दिसत नव्हतं. रांगेतल्या शेठच्या भाच्याकडे त्याने मुद्दाम मान वळवून पाहिलं. दुलीचंद वकिलांनी व्हरांड्यातच करगोट्याची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "अब जा, तू खा इनका दिमाग." बाहेर डोमाजी फाटकाशी उभा होता. भैयालाल ट्रक घेऊन डिझेल भरायला गेलाय, येईलच, असं तो म्हणाला. गुणाकरने त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि घरी निघाला. तिसऱ्या प्रहरी तो पेढे घ्यायला बाजारात आला तेव्हा डोमाजी बसस्टँडवर दिसला, कटंगीच्या गाडीची वाट बघत. "भैया कुठं गेला कोणाले मालूम," तो म्हणाला. गुणाकरला त्यात काही वाटलं नाही. ट्रकवाल्याला भाडं मिळालं असेल.

धंदा चांगला चालला. घराच्या पुढच्या खोलीत आलमारी आली, दारावर पाटी लागली, आणि पाटीवर पूर्ण पांढरीपांडे लिहिलेलं असूनही लोक पांडेजीच म्हणत राहिले. रेंजर बाबूलाल परत आले. कोंबडीवाले डॉक्टर आले. गुणाकर आता प्रश्न विचारण्यात पक्का झाला होता. न्यारे म्हटलं की विचारी, हिस्से पडले का? हिस्से म्हटलं की विचारी, मोजणी झाली का? या एका प्रश्नासाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून घरंच्या घरं त्याच्याकडे येऊ लागली. कालिंदीला नवी खुर्ची आली, न डुगडुगणारी.

रिटर्न भरायचे दिवस आले तशी डोमाजीची चिठ्ठी आणि कागद एका माणसाबरोबर आले. आठवड्याने भैयालाल स्वतः आला. आता तो बाकावर बसला. त्याचे कागद नेटके होते, हिशेब चोख. गुणाकरने विचारावं आणि त्याने तेवढंच सांगावं. असलं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. दोघांनी भराभर रकाने संपवले. शाई वाळेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून गुणाकरने विचारलं, "कुंपण आहे का अजून अंगणात?"

"भिंत घातली."

"आणि माय बरी आहे नं?"

"पावसात आजारी होती म्हणे."

"म्हणे म्हणजे? तुम्ही पाह्यलं नाही?"

"कसा पाहू बाबूजी?" भैयालालच्या बोलण्यात राग नव्हता. समजत नसलेल्या माणसाला समजावून सांगावं तसं तो सांगत होता. "साधनानं दोनदा भाकर धाडली होती. दादानं वापस केली. म्हणे, साहेबाले लिहून देल्लं आहे, पुन्हा केस उघडली तर बाबूजीचं नुकसान होईन. माय त्याच्या हिश्शात गेली नं. तुमीच लिवलं."

आत कालिंदीने चहा ठेवला होता. गुणाकर तो आणायला उठला आणि उठून तिथेच उभा राहिला. भैयालालने विचारलं, अजून काही विचारायचं आहे का, नाही तर तो निघतो, ट्रक रस्त्यात उभा आहे.